सहा गावांचा प्रांत : त्रिएस्तेच्या पाटीवरचं दुसरं नाव

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



मागच्या वेळी तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं होतं, "जगात आपल्यासारखा सीमाभाग आणखी कुठं आहे काय?" पुष्कळ आहेत. पण सगळ्यांची नावं वाचून दाखवली तर तास संपेल आणि हाती काहीच लागणार नाही. म्हणून आज एकच जागा घेऊया आणि ती नीट बघूया. ही जागा म्हणजे इटलीच्या ईशान्य टोकाचा त्रिएस्ते प्रांत. आता तुम्ही नकाशा काढला तर हा प्रांत कारभारी अर्थाने अस्तित्वातच नाही. का नाही, हाच आजच्या गोष्टीचा अर्धा भाग आहे.

आधी नावाची गंमत. इटालियन लोक म्हणतात त्रिएस्ते. तिथल्या स्लोव्हेन भाषेत याच शहराचं नाव आहे 'त्रस्त'. उच्चार थोडा वेगळा, तर्स्तच्या जवळ जाणारा, पण अक्षरं तीच. मराठी माणसाला हे नाव लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नकोत.

आता भूगोल. आद्रियाटिक समुद्र जिथं वरच्या बाजूला संपतो तिथं किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काही किलोमीटरवर स्लोव्हेनियाची सीमा. क्षेत्रफळ सुमारे 212 चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे हा अख्खा प्रांत आपल्या खानापूर तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल. इटलीतला हा सगळ्यात लहान प्रांत होता. लोकसंख्या सव्वादोन ते अडीच लाखांच्या मधे, आणि त्यातले दोन लाखांच्या आसपास एकट्या त्रिएस्ते शहरात.

समुद्रावरून मागं बघितलं की एकदम चढ लागतो. वर चुनखडीचं पठार आहे, त्याला इटालियनमध्ये कार्सो आणि स्लोव्हेनमध्ये क्रास म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात 'कार्स्ट' भूरूपं शिकलात की नाही? तो शब्द या पठाराच्या नावावरून जगभर गेला. चुनखडीत पाणी टिकत नाही, झिरपून खाली जातं. त्यामुळं वर नदी-नाले जवळपास नाहीत आणि खाली गुहाच गुहा. तिमावो नावाची नदी तर स्लोव्हेनियात श्कोत्स्यानच्या गुहांत जमिनीखाली गडप होते आणि साधारण चाळीस किलोमीटर पोटातून वाहत येऊन इटलीत दुइनोजवळ पुन्हा वर येते, आणि लगेच समुद्राला मिळते. वर सीमेवर कितीही चौक्या बसवा, खालचं पाणी कुणाला विचारत नाही. शिवाय 'बोरा' नावाचा वारा. हिवाळ्यात पठारावरून खाली समुद्राकडे कोसळतो, झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात.

खाली शहर आणि वर पठार, हा फरक फक्त उंचीचा नाही. शहर प्रामुख्याने इटालियन बोलणारं, पठारावरची गावं प्रामुख्याने स्लोव्हेन. इतकं साधं सरळ विभाजन कधीच नव्हतं, शहरातही स्लोव्हेन लोक पहिल्यापासून होते. पण राजकारण याच रेघेवर उभं राहिलं.

हे शहर 1382 पासून 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे होतं. 1719 मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने त्याला मुक्त बंदर केलं आणि मासेमारीचं गाव पुढं साम्राज्याचं सर्वांत मोठं बंदर झालं. व्यापारी, हमाल, खलाशी, कारकून चहूकडून आले. आता इथं जनगणनेची एक गोष्ट सांगतो, ती तुम्हा सगळ्यांना ओळखीची वाटेल. 1910 मध्ये ऑस्ट्रियन सरकारने जनगणना केली. त्यात 'मातृभाषा' विचारत नव्हते, 'व्यवहाराची भाषा' विचारत होते. मोजणी करणारी होती शहराची नगरपालिका, आणि ती इटालियन पक्षांच्या हातात होती. आकडे आले तेव्हा स्लोव्हेन नेत्यांनी आरडाओरड केली. वरच्या सरकारने फेरमोजणी केली, तर स्लोव्हेन बोलणाऱ्यांची संख्या जवळपास वीस हजारांनी वाढली! शेवटचा आकडा निघाला 56,916, म्हणजे शहर आणि भोवतालच्या गावांच्या लोकसंख्येचा चौथा हिस्सा. प्रश्न कोणता विचारला आणि वही कुणाच्या हातात होती, यावर माणसं कमीजास्त होतात.

पहिल्या महायुद्धानंतर हा सगळा प्रदेश इटलीकडे आला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मी घाईने सांगणार आहे, पण टाळणार नाही. 13 जुलै 1920 रोजी शहराच्या मध्यभागी असलेलं स्लोव्हेन लोकांचं 'नारोद्नी दोम', म्हणजे त्यांचं लोकभवन, फॅसिस्टांनी जाळलं. माक्स फाबियानी या वास्तुशिल्पकाराने बांधलेली ती इमारत होती, आत नाट्यगृह, बँक, हॉटेल, सगळं. 1923 नंतर स्लोव्हेन शाळा एकेक इयत्ता करत बंद झाल्या. गावांची नावं बदलली. 1927 नंतर माणसांची आडनावंही इटालियन वळणाची केली गेली. दोलिना नावाचं एक गाव आहे. स्लोव्हेनमध्ये दोलिना म्हणजे दरी. त्याचं नाव ठेवलं 'सान दोर्लिगो देल्ला वाल्ले', म्हणजे दरीतला संत दोर्लिगो. दरी तेवढी राहिली.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर आपण अर्धीच गोष्ट घेऊन घरी जाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युगोस्लाव्ह फौजा आल्या तेव्हा अनेक इटालियन माणसं मारली गेली, काहींची प्रेतं याच पठारावरच्या खोल विवरांत टाकली गेली. पुढच्या दहा वर्षांत इस्त्रिया द्वीपकल्पातून लाखोंच्या संख्येने इटालियन लोक घरदार सोडून निघाले, त्यातले कितीतरी त्रिएस्तेत येऊन राहिले. म्हणजे या शहरात एका भाषेच्या माणसाला 1920 आठवतं आणि शेजारच्याला 1945. दोघंही खरं बोलतात. तिथल्या प्रत्येक पाटीवरच्या भांडणामागं हे दोन्ही असतं.

1947 च्या शांतता करारात तोडगा काढला की हा भाग कुणालाच द्यायचा नाही, 'मुक्त प्रदेश' करायचा. उत्तरेचा 'अ' विभाग, त्रिएस्तेसह, इंग्रज-अमेरिकन लष्कराकडे. दक्षिणेचा 'ब' विभाग युगोस्लाव्ह लष्कराकडे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने राज्यपाल नेमायचा होता. त्या राज्यपालाच्या नावावर कधी एकमत झालंच नाही. शेवटी 5 ऑक्टोबर 1954 रोजी लंडनमध्ये समझोता झाला : 'अ' विभाग इटलीकडे, 'ब' विभाग युगोस्लाव्हियाकडे, सीमारेषेत किरकोळ बदल. कायमची मोहोर उमटली ती 10 नोव्हेंबर 1975 च्या ओझिमो कराराने. आपण 1956 पासून वाट बघतोय म्हणून आपल्याला वाटतं की तात्पुरतं ते फक्त आपल्याच नशिबी. त्यांचं तात्पुरतं एकवीस वर्षं चाललं.

महत्त्वाची गोष्ट ही की लंडन समझोत्याला अल्पसंख्याकांसाठी एक खास जोडपत्र होतं. सीमा कुठं पडेल ते पडो, पण दोन्ही बाजूंना राहिलेल्या लोकांच्या शाळा, भाषा, संस्था यांचं काय, हे त्यात लिहिलेलं होतं. अंमलबजावणी पुढं रडतखडत झाली हे खरं. पण कागद होता. आपल्याकडे सीमा आखताना असा कागद हातात नव्हता, जे काही आलं ते केंद्राच्या सर्वसाधारण परिपत्रकांतून आलं.

तर 1954 नंतर उरला तो हा चिमुकला प्रांत. आता त्याचा कारभार बघूया.

इटलीत आपल्यासारखी ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका अशी उतरंड नाही. सगळ्यांना एकच नाव : कोमुने. दोन लाखांचं त्रिएस्ते शहरही कोमुने आणि हजाराच्याही खाली लोकसंख्या असलेलं मोन्रुपिनो हेही कोमुने. दोघांनाही महापौर आहे, निवडून आलेली परिषद आहे, कार्यकारी मंडळ आहे. 1990 च्या दशकापासून महापौर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. त्रिएस्ते प्रांतात अशा कोमुने फक्त सहा. त्रिएस्ते म्हणजे त्रस्त. मुज्जा, स्लोव्हेनमध्ये मिल्ये. इस्त्रियाच्या किनाऱ्यावरचं इटलीकडे राहिलेलं एकमेव गाव. दुइनो-आउरिझिना म्हणजे देविन-नाब्रेझिना. ज्गोनिको म्हणजे ज्गोनिक. मोन्रुपिनो म्हणजे रेपेन्ताबोर. आणि मघाचं सान दोर्लिगो म्हणजे दोलिना. पठारावरच्या या छोट्या कोमुनेंत महापौराला इटालियनमध्ये 'सिंदाको' आणि स्लोव्हेनमध्ये 'झुपान' म्हणतात, आणि दारावर दोन्ही शब्द असतात.

माझं मत विचाराल तर तिथली स्लोव्हेन भाषा टिकण्यात रोमच्या कुठल्याही कायद्याइतकाच वाटा या छोट्या कोमुनेंचा आहे. विचार करा, ज्गोनिकमध्ये जन्माची नोंद करायला गेलेली बाई स्लोव्हेनमध्ये बोलते, समोरचा कारकून स्लोव्हेनमध्ये उत्तर देतो, सभेचं इतिवृत्त दोन भाषांत लिहिलं जातं. तिथं स्लोव्हेन बोलणं म्हणजे आंदोलन नसतं, नुसतं काम असतं. उलट त्रिएस्ते शहराच्या मध्यभागी, जिथं आकड्याने कितीतरी जास्त स्लोव्हेन राहतात, तिथं रस्त्यांवर दुभाषी पाट्या सापडत नाहीत. शहराचे सात प्रभाग आहेत, त्यांतले पठारावरचे दोन सोडले तर स्लोव्हेनचा डोळ्यांना पत्ता लागणं अवघड. संख्या जास्त असूनही आवाज कमी, कारण हद्द मोठी आहे.

आता कायदा. यासाठी त्यांना 1954 पासून 2001 पर्यंत थांबावं लागलं. 23 फेब्रुवारी 2001 चा 38 क्रमांकाचा कायदा स्लोव्हेन भाषिक अल्पसंख्याकांसाठी आहे. तो त्रिएस्ते, गोरित्सिया आणि उदिने या तीन प्रांतांतल्या गावांना लागू होतो. कुठल्या गावांना? तर यादी करायची. आणि यादीत गाव घालायची मागणी कोण करू शकतं ते नीट ऐका : त्या कोमुनेच्या मतदारयादीतले किमान 15 टक्के नागरिक, किंवा परिषदेचे एक तृतीयांश सदस्य. यादी ठरवणारी समिती वीस जणांची, त्यातले दहा स्लोव्हेन भाषिक असलेच पाहिजेत. यादी 2007 मध्ये मंजूर झाली, बत्तीस कोमुने. त्रिएस्ते प्रांताच्या सहाही त्यात आहेत.

15 टक्के हा आकडा ऐकून काहींनी माना वर केल्या, दिसलं मला. होय, तोच आकडा. आपल्याकडेही भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने 1956 मध्ये मान्य केलेल्या संरक्षणांत 15 टक्क्यांचा निकष आहे. तेवढी लोकसंख्या असली तर महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्या भाषेतही द्यायचे. आकडा एकच, पण बघा, आपल्याकडे तो लोकसंख्येचा आहे, म्हणजे जनगणनेच्या वहीतून येतो, आणि ती वही दुसऱ्याच्या हातात असते. तिथं तो सह्यांचा आहे. मतदाराने सही करून मागायचं. आणि तेवढ्या सह्या जमल्या नाहीत तर परिषदेत एक तृतीयांश सदस्य असले तरी चालतं. म्हणजे नगरसेवक निवडून आणण्याला थेट भाषेच्या हक्काशी जोडलंय. आपल्याकडे बेळगाव महापालिकेत बहुमत मिळवूनही परिपत्रक मराठीत मिळावं म्हणून भांडावं लागलं, हे तुमच्या घरातली मोठी माणसं सांगतील.

त्या कायद्याचं कलम 8 कार्यालयांत स्लोव्हेन वापरण्याबद्दल आहे, उत्तरही त्याच भाषेत किंवा भाषांतरासह मिळालं पाहिजे. कलम 9 निवडून आलेल्या सभागृहांत बोलण्याबद्दल, कलम 10 पाट्यांबद्दल, कलम 7 नाव-आडनाव आपल्या भाषेच्या लिखाणात ठेवण्याबद्दल. शहरांच्या मध्यभागी मात्र एक तडजोड करून ठेवलीय : प्रत्येक खिडकीवर स्लोव्हेन नको, त्यासाठी एक वेगळं कार्यालय काढायचं. काहींना हा शहाणपणा वाटतो. मला विचाराल तर ही भाषेला मागच्या दाराने आत घेण्याची पद्धत आहे.

शाळांचं थोडक्यात सांगतो, तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे. 1945 मध्ये स्लोव्हेन शाळा पुन्हा उघडल्या, 1961 च्या कायद्याने त्या इटलीच्या सरकारी शाळा म्हणून पक्क्या झाल्या. सगळे विषय स्लोव्हेनमध्ये, सोबत इटालियन. आज त्या शाळांत इटालियन बोलणाऱ्या आणि मिश्र घरांतलीही पुष्कळ मुलं येतात, आणि यावरून शिक्षकांत वाद आहे की ही भाषेची भर आहे की वर्गातली भाषा पातळ होतेय.

आता जमिनीकडे येऊ. पाट्यांच्या भांडणात जमिनीचं भांडण लपतं, हे आपल्याला नवीन नाही. युद्धानंतर निर्वासितांच्या वसाहती, महामार्ग, उद्योग, संशोधन केंद्रं हे सगळं बांधायला जागा हवी होती. खाली समुद्र, मग जागा कुठली? पठारावरची, शेतकऱ्यांची, म्हणजे बहुतांशी स्लोव्हेन कुटुंबांची. दोलिनात तेलाच्या टाक्यांचा मोठा तळ आहे. त्रिएस्ते बंदरात उतरलेलं कच्चं तेल तिथून आल्प्स ओलांडून 1967 पासून जर्मनीत जातं. भूसंपादनाच्या कागदावर भाषेचा उल्लेख नसतो, पण गाव कुणाचं होतं हे गावाला ठाऊक असतं.

सगळ्यात गमतीदार प्रकरण 1975 नंतर झालं. ओझिमो करारात रोम आणि बेलग्रेडने ठरवलं की सीमेवर, याच पठारावर, दोन्ही देशांचा संयुक्त मुक्त औद्योगिक विभाग काढायचा. त्रिएस्तेला कुणी विचारलं नव्हतं. शहर भडकलं. काहींना पठार आणि खालचं पाणी नासेल याची काळजी, काहींना युगोस्लाव्ह कामगार येऊन शहराचा चेहरा बदलेल ही भीती. दोन्ही एकाच सह्यांच्या मोहिमेत मिसळलं. त्यातून 'लिस्ता पेर त्रिएस्ते' नावाची स्थानिक आघाडी उभी राहिली आणि 1978 च्या निवडणुकीत मोठमोठ्या राष्ट्रीय पक्षांना मागं टाकून पहिली आली. मान्लियो चेकोविनी महापौर झाले. तो औद्योगिक विभाग कधीच उभा राहिला नाही. पठार वाचलं, यात स्लोव्हेन शेतकऱ्याचाही फायदा झाला. आणि ज्या आघाडीने ते वाचवलं तिला स्लोव्हेन भाषेबद्दल प्रेम नव्हतं. स्थानिक राजकारणात अशी गाठ पडते. सीमाभागात काम करताना कोण कोणत्या मुद्द्यावर आपल्या बाजूला येईल हे आधी ठरवून ठेवू नका.

आता सुरुवातीला जे बोललो ते. प्रांत गेला कुठं?

इटलीत कोमुनेच्या वर प्रांत आणि त्याच्या वर प्रदेश. प्रांत म्हणजे आपली जिल्हा पंचायत समजा : रस्ते, माध्यमिक शाळांच्या इमारती, पर्यावरण. 2014 च्या सुमारास देशभर हवा झाली की प्रांत म्हणजे वायफळ खर्च. राष्ट्रीय कायद्याने प्रांतांच्या थेट निवडणुका काढून टाकल्या, पण घटनेतून प्रांत पुसायला डिसेंबर 2016 च्या सार्वमतात लोकांनी नकार दिला. त्रिएस्तेचा प्रदेश, फ्रिउली-वेनेत्सिया जुलिया, हा मात्र 1963 पासून विशेष दर्जाचा. स्थानिक संस्थांबद्दल त्याला स्वतःचा अधिकार. त्यांनी आपल्या सनदेतूनच प्रांत काढले. 2017 मध्ये त्रिएस्ते प्रांत बंद झाला. त्याऐवजी कोमुनेंचे संघ केले. सहा कोमुनेंचा एक संघ, त्यात एक दोन लाखांची आणि एक हजाराच्या खालची. स्लोव्हेन प्रतिनिधींनी लगेच आक्षेप घेतला की मोठ्या शहरासमोर आमच्या गावांचा आवाज राहणार कुठं? पुढं सत्ता बदलली, 2019 च्या कायद्याने ते संघही मोडले, आणि 2020 पासून प्रदेश सरकारची एक कारभारी यंत्रणा प्रांताचं काम बघते. तिथं मतदार कुणाला निवडून देत नाही. निवडून येणारी प्रांतसंस्था परत हवी, अशी मागणीही पुढं आली.

काटकसर, सुटसुटीतपणा, कार्यक्षमता : शब्द किती निर्मळ आहेत! हद्दवाढ, विलीनीकरण, पुनर्रचना हे शब्दही असेच. त्यात भाषा कुठंच येत नाही. पण हद्द बदलली की टक्केवारी बदलते, हे मतदारसंघांची फेररचना बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून तुमच्या गावाच्या हद्दीची अधिसूचना निघाली की ती वाचा, हरकतीची तारीख बघा. मोर्च्याला गर्दी होते, हरकत नोंदवायला चार माणसं जातात.

पठारावर सगळंच वादाचं आहे असं समजू नका. रेपेन्ताबोरला दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये 'क्राश्का ओह्त्सेत' होतं, म्हणजे क्रासचं लग्न, 1968 पासून. खऱ्याखुऱ्या जोडप्याचं लग्न लावतात, अख्खं गाव पारंपरिक वेशात. शिवाय 'ओस्मित्सा'. ओसेम म्हणजे आठ. 1784 मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने शेतकऱ्यांना वर्षातून आठ दिवस घरची दारू घरीच विकायची परवानगी दिली. आज दिवस वाढलेत, पद्धत तीच : चौकात झाडाची फांदी बांधायची, बाण दाखवायचा, की लोक समजतात अमक्याच्या अंगणात आज उघडं आहे. खालून शहरातले इटालियन वर येतात, बाकावर बसतात, हॅम आणि उकडलेली अंडी खातात, आणि ऑर्डर देताना दोन-चार शब्द स्लोव्हेनमध्ये बोलतात. प्रोसेको ही प्रसिद्ध वाईन ऐकलीय ना? ते नावही त्रिएस्तेच्या हद्दीतल्या एका गावाचं, स्लोव्हेनमध्ये प्रोसेक.

सीमेपलीकडे काय? तिथं कोपेर, इझोला, पिरान या किनाऱ्यावरच्या गावांत इटालियन अल्पसंख्य आहेत. स्लोव्हेनियाच्या घटनेचं कलम 64 त्यांना संरक्षण देतं आणि राष्ट्रीय विधानसभेत इटालियन समाजाची एक जागा राखीव आहे. अशी हमखास जागा इटलीतल्या स्लोव्हेनांना रोमच्या संसदेत नाही. ते हा मुद्दा सोडत नाहीत, दरवेळी मांडतात.

2007 च्या डिसेंबरमध्ये सीमेवरचे अडसर निघाले, कारण स्लोव्हेनिया शेन्गेनमध्ये आला. ऑक्टोबर 2023 पासून इटलीने तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

आणि ते जळालेलं नारोद्नी दोम? इमारत नंतर हॉटेल झाली, मग विद्यापीठाकडे गेली. स्लोव्हेन संस्था ती परत मागत राहिल्या. 2001 च्या कायद्यात तिचा उल्लेख कलम 19 मध्ये आला. 13 जुलै 2020, बरोबर शंभर वर्षांनी, इटलीचे राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला आणि स्लोव्हेनियाचे राष्ट्राध्यक्ष पाहोर त्रिएस्तेत आले. त्याच दिवशी बाझोवित्साच्या विवराजवळच्या स्मारकापुढं ते हातात हात घालून उभे राहिले, तसेच फॅसिस्टांनी गोळ्या घातलेल्या स्लोव्हेन तरुणांच्या स्मारकापुढंही. आणि इमारत स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या कागदावर सह्या झाल्या. मालकीची नोंद प्रत्यक्ष बदलली ती 2022 मध्ये. विद्यापीठाचा भाषांतराचा विभाग तिथून हलवायचा, त्याला दुसरी जागा द्यायची, हे काम त्यानंतरही उरलं होतंच.

प्रश्न असतील तर विचारा. नकाशा मागच्या भिंतीवर लावलाय, जवळ जाऊन बघा. गावांची दोन्ही नावं त्यात आहेत.